एक जूनची पोरं

आमच्या वस्तीतल्या पोरांना फुटबॉल कुणी शिकवला, असं कुणी विचारलं की मी छाती काढून सहादूमामाचं नाव सांगतो. मग पुढचा प्रश्न येतो, त्या संघाचं पुढं काय झालं? तिथं मी विषय बदलतो. चाळीस वर्षं बदलत आलो. आता नाही बदलत.

सहादू पगारे अंबडच्या एका कारखान्यात लेथ चालवायचा. माणूस बुटका, पण पिंढऱ्या अशा की जणू दोन नारळ बांधलेत. लहानपणी तो देवळाली कॅम्पात जवानांच्या कँटीनमध्ये भांडी घासायला होता. संध्याकाळी जवान फुटबॉल खेळायचे आणि सहादू गोलच्या मागं उभा राहून लांब गेलेले बॉल आणून द्यायचा. तेवढ्यावर तो खेळ शिकला. "शिकलो कसला, चोरला," असं तोच सांगायचा. कॅम्प सोडताना एका सुभेदारानं त्याला शिवण उसवलेला चामडी बॉल दिला होता. तो त्यानं चांभाराकडून शिवून घेतला, सायकलच्या पंपानं भरला, आणि ऐंशी साली वस्तीमागच्या पडीक रानात दोन-दोन बांबू रोवून आमच्यासमोर टाकला.

"हा बॉल. ह्याला हात लावायचा नाय. लागलाच, तर ज्याचा लागला त्यानं आपणहून हात वर करायचा. मला इचारायला लावायचं नाय."

हा त्याचा पहिला नियम आणि तसा शेवटचाही. बाकी पळायचं कसं, पास द्यायचा कसा, ते तो पळून आणि देऊन दाखवायचा. पण हाताचं मात्र तो रोज सांगायचा. कुणाचा हात लागला आणि तो गप्प राहिला, तर त्याला रानाला दहा चकरा. हात वर केला, तर काही नाही, खेळ पुढं चालू. पहिल्या महिन्यात आम्ही चकराच मारत होतो. मग अशी सवय लागली की शाळेत शाई सांडली तरी आमची पोरं हात वर करायची आणि गुरुजी चक्रावून जायचे.

कारखान्याला सुट्टी शनिवारी, आमच्या शाळेला रविवारी. म्हणून सराव शनिवारी दुपारी, शाळा सुटल्यावर. मामा त्याच्या आधी येऊन फक्कीनं रेघा मारून ठेवायचा. रेघ इतकी सरळ की वाटावं, लेथवरच कापलीय.

कपड्यांचं काम भिमाबाईचं. ती सहादूची मावसबहीण. नवरा लवकर गेलेला. सकाळी मळ्यातल्या बायकांबरोबर भाजी खुडायला जायची, दुपारी घरी. तिनं आमच्या अकरा गंजीफ्रॉकांना निळा रंग दिला. चुलीवर मोठं पातेलं, त्यात रंगाची पुडी, मूठभर मीठ, आणि काठीनं ढवळत बसायची. आम्ही घामेजलो की रंग अंगाला लागायचा. सामना झाल्यावर आमच्या पाठी निळ्या व्हायच्या. दुसऱ्या संघाची पोरं हसायची. भिमाबाई म्हणायची, "हसू द्या. रंग पक्का नाय, पण पाठ तर पक्की हाय ना?" दर पंधरवड्याला ती पुन्हा रंग द्यायची.

तिचा एकुलता एक पोरगा बुधा. तो आमचा पुढचा, गोल मारणारा. मी गोलकीपर, म्हणजे मी बुधाची पाठच जास्त बघितली. एकदा का बॉल त्याच्या पायाशी गेला की मी दांडीला टेकून उभा राहायचो. पुढचं तो बघून घ्यायचा.

बुधाची एक गोष्ट सगळ्या वस्तीला पाठ होती. एकोणसत्तर सालचा गोदावरीचा पूर. तेव्हा आमची वस्ती नदीच्या अंगाला, खाली होती. भर दिवसा पाणी चढलं. भिमाबाई बुधाला खांद्यावर बसवून कमरेएवढ्या पाण्यातून निघाली. काठावरनं सहादूनं हात दिला. बायका रडतायत, माणसं देवाचं नाव घेतायत, आणि खांद्यावरचा बुधा नदीकडं बोट दाखवून ओरडतोय, "आये, म्हस पवती! मलाबी पवायचं!" नदीतून कुणाची तरी म्हैस वाहत चालली होती. त्या तसल्या पाण्यात माणसं हसली म्हणे.

ही गोष्ट सगळ्यात झकास सांगायचा तो सहादूमामाच. लग्नात, बारशात, हाफ टाइमात. तो भिमाबाईसारखा कमरेत वाकायचा, बुधासारखं बोट करायचा. बुधा लाजून म्हणायचा, "मामा, बास ना आता." ती गोष्ट आम्ही शंभर वेळा ऐकली, शंभर वेळा हसलो. आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात हिशोब आला नाही, की पुरात जो पोरगा बोलत होता, त्याचं वय आज किती?

त्र्याऐंशीच्या जानेवारीत शहरातल्या एका मंडळानं चौदा वर्षांखालच्या मुलांची स्पर्धा ठेवली. मामा अर्ज घेऊन आला. प्रत्येकाचा शाळेचा दाखला जोडायचा होता. अकरा दाखले गोळा झाले. त्यातल्या नऊ जणांची जन्मतारीख एक जून.

ह्यात नवल काही नव्हतं. आमच्या आयांनी आम्हाला शाळेत नेलं तेव्हा गुरुजींनी विचारलं, जन्म कधीचा? आया म्हणाल्या, सुगीच्या टायमाला. नाहीतर, खडी फोडायला जात व्हते तवा. गुरुजींनी पोराकडं बघितलं, सहा वर्षं मागं मोजली, आणि एक जून लिहून टाकलं. शाळा जूनमध्ये उघडते, हिशोबाला सोपं. बुधाला शाळेत घातलं पंच्याहत्तर साली, विटांच्या भट्टीवरनं परत आल्यावर. तो हाडानं बारीक होता. गुरुजींनी लिहिलं, एक जून एकोणसत्तर.

अर्ज देताना मंडळाचे सेक्रेटरी चष्म्यातून यादी बघत म्हणाले, "पगारे, तुमच्या वस्तीत सगळ्या बायका एकाच दिवशी बाळंत होतात काय हो?"

टेबलाभोवतीची माणसं हसली. सहादूमामाही हसला. मी त्याच्या शेजारी बॉल काखेत धरून उभा होतो, मीही हसलो. बाहेर आल्यावर मामा सायकलचं कुलूप काढता काढता थांबला. म्हणाला, "हसायला नको व्हतं रे आपुन." आणि जवळ ठेवलेल्या अर्जाच्या नकलेवरची खालची ओळ त्यानं मला वाचून दाखवली. 'वरील सर्व मुलांच्या वयाची मी स्वतः खात्री केली आहे.' खाली त्याची सही. त्या सहीकडं बघताना त्याला फार बरं वाटत होतं. कारखान्यात तो पगाराच्या कागदावर सही करायचा, पण कुणाची जबाबदारी घेतल्याची ही पहिलीच.

आम्ही तीन सामने जिंकलो. उपांत्य सामन्यात बुधानं दोन गोल केले आणि हरलेल्या शाळेच्या सरांनी तक्रार केली. म्हणाले, तो सात नंबरचा मुलगा चौदाचा नाही, त्याला मिसरूड फुटतंय. मंडळानं सांगितलं, उद्या अंतिम सामन्याआधी सकाळी पालकांना घेऊन या. समाधान झालं तर खेळा, नाहीतर तुमचा संघ बाद.

सहादूमामा तिथून सरळ भिमाबाईच्या घरी गेला. आम्ही सगळे मागं.

"आक्का, उद्या तुला मैदानावर यायचंय. साहेब लोक बुधाचं वय इचारणारेत."

"मला?" भिमाबाई भाकरी थापता थापता थांबली. "मला कोण इचारतंय?"

"तुझं पोरगं हाय. तुझ्यापेक्षा जास्ती कोणाला ठावं? जे खरं ते सांग, बस. कागद तर हायेच आपल्याकडं."

त्याचा कागदावर फार विश्वास. आपल्या माणसाला कागदानंच उभं केलं, असं तो नेहमी म्हणायचा. त्याच्या मनात पाप नव्हतं, एवढं मी शपथेवर सांगतो. पूर आणि दाखला ह्या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात दोन वेगळ्या खोल्यांत होत्या.

सकाळी भिमाबाई आली ती जयंतीला नेसायची पांढरी साडी नेसून. केसांना तेल, पायात वहाणा. मांडवात टेबल, टेबलामागं सेक्रेटरी आणि आणखी दोघं, एका बाजूला तक्रार करणारे सर. भिमाबाईला खुर्ची दिली. ती आधी बसेना. मग टोकावर बसली.

"बाई, ह्या मुलाचा जन्म कधीचा?" सेक्रेटरींनी विचारलं. आवाज सभ्य होता.

भिमाबाईनं पदर सावरला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी साहेब तिला काही विचारत होता, आणि उत्तर तिला येत होतं.

"तारीख नाय सांगता यायची साहेब, पण पक्कं सांगते. एकोणसत्तरचा पूर आला ना, तवा ह्यो माझ्या खांद्यावर व्हता. तुरूतुरू चालायचा, पोपटावानी बोलायचा. पाणी माझ्या हितवर आलेलं..." तिनं कमरेला हात लावला. "आन ह्यो म्हनतो, आये, म्हस पवती!"

ती हसली. आम्हा पोरांना सवयीनं हसू आलं, आणि मग एकेकाचं तोंड मिटत गेलं.

सर म्हणाले, "म्हणजे पुराच्या वेळी दोन-अडीच वर्षांचा. आज पंधरा पूर्ण. आम्ही वेगळं काय सांगत होतो?"

"न्हाई, खरंच सांगते," भिमाबाईला वाटलं आपल्यावर विश्वास बसत नाहीये. "इचारा ना ह्या सहादूला. त्यानंच तर हात दिला मला."

टेबलामागची तिन्ही माणसं सहादूमामाकडं वळली. आम्ही अकरा जण त्याच्याकडं बघत होतो. निळे गंजीफ्रॉक घालून, वेळेच्या आधीच तयार होऊन. बुधा सगळ्यात पुढं. पलीकडं मैदानावर रेघा मारलेल्या, जाळ्या लावलेल्या. खऱ्या जाळ्या आम्ही त्या आठवड्यात पहिल्यांदा बघितल्या होत्या.

मामानं एकदा आमच्याकडं बघितलं.

"साहेब," तो म्हणाला, "बाई अडाणी हाय. तिला सालं कळत नाईत. पुरातला पोरगा हिचा थोरला. तो वारला. तवापासून जरा... ती त्याचं सगळं ह्याच्यावर घालती."

सेक्रेटरी हळहळले. "अरेरे. बाईंना पाणी द्या कुणीतरी."

शिपायानं पेला आणला. भिमाबाईनं तो दोन्ही हातांत धरला. प्यायली नाही. ती सहादूकडं बघत होती. रागानं नाही. एखादा ओळखीचा माणूस रस्त्यात दिसावा आणि जवळ गेल्यावर तो दुसराच निघावा, तसं. मग तिनं बुधाकडं बघितलं. त्याच्या अंगातल्या गंजीफ्रॉककडं, छातीवरच्या सात नंबरकडं.

"बाई, असं आहे का?"

ती म्हणाली, "तो म्हनतो तर तसंच."

पेला टेबलावर ठेवून ती उठली आणि निघाली. मांडवाच्या दोरीत तिचा पदर अडकला, तो सोडवायलाही आमच्यातला एक जण पुढं झाला नाही. मी जवळ होतो. मीही नाही. खरं सांगायचं तर तेव्हा मला हायसं वाटलं होतं. खेळायला मिळणार होतं.

दाखला बरोबर धरला गेला. आम्ही एक-शून्यनं जिंकलो. गोल बुधाचा. गोल झाल्यावर आम्ही सगळे त्याच्यावर उड्या मारायला धावलो, तर तो आमच्यातून वाट काढत, मान खाली घालून मधल्या रेघेकडं चालत गेला. ढाल घ्यायला मामाला बोलावलं. त्यानं ती अशी धरली, जशी तापलेली परात धरतात. फोटो काढताना फोटोग्राफर तीनदा म्हणाला, वर बघा, वर बघा. तो फोटो माझ्याकडं आहे. त्यात मामा बुटांकडं बघतोय.

वस्तीत मिरवणूक निघाली. भिमाबाईचं दार लावलेलं होतं. मांडवात काय झालं ते दोन दिवसांत सगळ्यांना कळलं. शेजारची सुमनबाई नळावर सहादूमामाच्या बायकोला, लताबाईला म्हणाली, "ढाल चांगली हाय गं. कोणाच्या मयताला मिळाली?" लताबाई हंडा अर्धाच भरून घरी आली. ढाल फळीवर होती, तिच्यावर लताबाईनं टॉवेल टाकून ठेवला.

पुढच्या शनिवारी आम्ही रानात जमलो. गंजीफ्रॉक धुऊन धुऊन फिके पडलेले, कुणी रंग दिलेला नव्हता. बुधा आला, पण कपडे न बदलता रेघेबाहेर उभा राहिला. खेळता खेळता माझ्या पुढ्यातल्या फकिराचा हात बॉलला लागला आणि त्यानं सवयीनं हात वर केला. मामा म्हणाला, "शाब्बास."

रेघेबाहेरनं बुधाचा आवाज आला. मोठा नव्हता.

"मामा, तुमचा लागला व्हता का हात?"

मामा शिट्टी वाजवायला दोन बोटं तोंडात घालत होता. ती तशीच राहिली.

"आय जेवत नाय धड," बुधा म्हणाला. "म्हनती, जित्या पोराला मारलं आन मी व्हय म्हनले. रातचं उठून माझ्या नाकाशी हात धरून बघती."

तो निघून गेला. मामानं बॉल उचलला, हातानं. आम्हाला म्हणाला, "जावा घरी."

त्यानंतरच्या शनिवारी त्यानं सायकलच्या कॅरेजला ढाल बांधली आणि मंडळाच्या कचेरीत गेला. मला सोबत नेलं, ढाल मागनं धरायला. सेक्रेटरी चहा पीत होते. मामा टेबलासमोर उभा राहिला आणि त्यानं हात वर केला. उजवा, पुरा ताठ, शाळेतल्या पोरासारखा. सेक्रेटरींना काही कळेना.

"काय पाहिजे, पगारे?"

"ती बाई खरं बोलली व्हती. थोरला कोणी नव्हता. म्या खोटं बोललो."

सेक्रेटरींनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "कशाला आलात हो हे सांगायला? सगळं मिटलं होतं." आणि मग, "आता मला काहीतरी करावं लागणार ना."

ढाल काढून घेतली. संघाला दोन वर्षं बंदी. बंदी उठेपर्यंत आमच्यातल्या बहुतेकांचं चौदाचं वय, कागदावरचंसुद्धा, उलटणार होतं. म्हणजे आमचा खेळ तिथंच थांबला. आम्ही मामाला काय नाही बोललो! आमच्यातल्या बारकूनं त्याच्या दारात गंजीफ्रॉक फेकला. मी काही फेकलं नाही. पण रस्त्यात मामा समोरून आला की मी पलीकडच्या बाजूला जायचो. खोटं बोलल्याबद्दल नाही, खरं बोलल्याबद्दल. तेव्हा मी तेरा-चौदाचा होतो, हे कारण पुरत नाही.

भिमाबाईला वाटलं असेल समाधान? छे. पोरांच्या आया आता तिच्यावर डाफरायला लागल्या. हिच्या तोंडापायी ढाल गेली. सहादू तिच्या दाराशी गेला तर आतूनच म्हणाली, "पयल्यांदा खोटं बोलून लाजवलंस, आता खरं बोलून. जा बाबा, माझ्या दारात उभा राहू नको."

दोन वर्षं मामा एकटा रानात जायचा. शनिवारी दुपारी फक्कीनं रेघा मारायचा, कडेला बसायचा, आणि दिवस कलला की घरी जायचा. लोक म्हणायचे, ह्याचं डोकं गेलं. आमच्यानंतरची लहान पोरं हळूहळू यायला लागली, कारण रेघा होत्या आणि बॉल होता.

पंच्याऐंशीला बंदी उठली. पुन्हा अर्ज, पुन्हा दाखले. पुन्हा सगळी पोरं एक जूनची. मामानं शंभर पानी वही आणली. तो घरोघर जायचा, उंबऱ्याशी बसायचा आणि पोराच्या आईला म्हणायचा, "कागद ऱ्हाऊ दे. तू सांग." ती सांगेल तसं लिहायचा. दुष्काळात, खडीवर. इंदिराबाई पडल्या त्या साली, आंब्याच्या दिवसात. सुमनबाईला तर आपल्या धाकट्याचा वार आणि वेळसुद्धा ठाऊक होती. इतकी वर्षं तिला कुणी विचारलं नव्हतं, एवढंच. जो चौदाच्या वर भरायचा त्याला मामा यादीतून काढायचा. आया कुरकुरायच्या, पण सांगायच्या खरं.

एका शनिवारी त्यानं मला हाक मारली. मी तेव्हा कॉलेजात होतो. "चल, तू ऐकलं व्हतं तिथं. हितंबी ऐक." आम्ही भिमाबाईच्या दाराशी गेलो. ती मेथी निवडत बसली होती. बुधा कारखान्यात लागला होता, कामावर होता.

"आक्का, लिहून घ्यायचंय."

"आता कशाला? त्यो थोडाच खेळतोय?"

"खेळत नाय. तरी."

भिमाबाईनं मेथीची जुडी बाजूला ठेवली. मामा उंबऱ्याबाहेरच उकिडवा बसला होता. तिनं त्याला आत ये म्हटलं नाही.

"लिही मग," ती म्हणाली. "पूर आला तवा माझा पोरगा खांद्यावर व्हता."

त्यानं लिहिलं.

"चालत व्हता. बोलत व्हता. म्हशीकडं बोट दाखवत व्हता. आन काठावरनं तू हात दिलास."

त्यानं लिहिलं.

"मला एकच पोरगा. थोरला नाय, धाकटा नाय. लिहिलंस?"

"लिहिलं."

"जिता हाय. लिही."

मामाचं पेन थांबलं. बोटांत लोखंडाचा काळा बसलेला, तो घामानं कागदाला लागत होता. त्यानं लिहिलं.

"आता वाच."

तो वाचायला लागला. मान वहीत घातलेली, आवाज घशातच.

"मोठ्यानं," भिमाबाई म्हणाली. "तिथं मोठ्यानं बोलला व्हतास."

शेजारच्या दारांत बायका येऊन उभ्या राहिल्या. सहादूमामानं पहिल्यापासून वाचलं, मोठ्यानं, पोर म्हशीकडं बोट दाखवतं तिथपर्यंत, आणि आपण हात दिला तिथपर्यंत, आणि जिता हाय तिथपर्यंत. कुणी हसलं नाही. मी मांडवात अडकलेल्या त्या पदराचा विचार करत होतो. तो सोडवायला दोन पावलं लागली असती.

वाचून झाल्यावर भिमाबाईनं वही ओढून घेतली, अंगठ्याला चुलीची काजळी लावली आणि ओळींच्या खाली दाबला. वही परत देताना ती त्याच्याकडं बघत नव्हती. ती पुन्हा मेथी निवडायला बसली. आम्ही उठलो, तेव्हा पाठमोऱ्या मामाला तिनं एवढंच विचारलं,

"नव्या पोरांचे गंजीफ्रॉक किती हायेत?"

"अकरा," मामा म्हणाला. त्यानं मागं वळून बघितलं नाही. बघवलं नसावं.